पिल्लू चावतं तेव्हा : प्रस्तावना

‘मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. आई रागावली, चार शब्द बोलली, तरी लेकराला त्याने इजा होत नाही, असा तिचा रोख. पण ही म्हण पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली असेल त्याने मांजर फार जवळून पाहिलं असलं पाहिजे. ज्या जबड्यात उंदराची मान मोडते, त्याच जबड्यात मांजर आपलं डोळे न उघडलेलं पिल्लू धरून माळ्यावरून गोठ्यात नेते आणि पिलाच्या कातडीवर दाताची खूण उठत नाही. पिल्लू उचलण्याची ही हातोटी तिला उपजत असते. खेळताना समोरच्याला किती जोराने धरायचं, नखं कधी आत ओढून घ्यायची, हे मात्र प्रत्येक मांजराला लहानपणी शिकावं लागतं. ते आई आणि भावंडं शिकवतात, आणि त्यासाठी पिलाला काही आठवडे त्यांच्यात राहावं लागतं.

ज्या पिलांना हे आठवडे मिळाले नाहीत, त्यांना घरी आणणाऱ्या माणसांसाठी ही पुस्तिका आहे. चावणारं, बोचकारणारं पिल्लू दुष्ट नसतं, त्याचं शिकणं अर्धवट राहिलेलं असतं, हे तिचं मुख्य म्हणणं. आईभावंडांनी जे शिकवलं असतं ते आता घरातल्या सगळ्यांनी मिळून, आणि शक्य तितकं त्यांच्याच पद्धतीने, शिकवायला हवं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात अशा पुस्तिकेची गरज का पडावी, ते इथलं राहणीमान पाहिल्यावर कळतं. बाहेरच्या माणसाला शेंद्रा म्हटलं की चैत्रातली मांगीरबाबाची जत्रा आठवते, नाहीतर जालना रस्त्यावरची एमआयडीसी. २००१ सालापासून इथे स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या, पाठोपाठ सुटे भाग बनवणारे कारखाने आले, पुढे ऑरिक या औद्योगिक शहराचे रुंद रस्ते झाले. शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव, करमाड या पट्ट्यात पूर्वी कापूस, बाजरी, मका आणि तूर होती. आता बऱ्याच ठिकाणी शेताच्या जागी शेड आहेत आणि गावात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा.

शेतकऱ्याच्या घरात मांजर होतं ते धान्यासाठी. कणगी, पोती, कडब्याची गंज जिथे असेल तिथे उंदीर येणार आणि उंदरामागे मांजर. माणसाचं आणि मांजराचं नातं मुळात असंच जुळलं. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, आणि तिथलं रानमांजर वस्तीजवळ राहू लागलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे, त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं आहे. आपल्याकडच्या वाड्यातली मांजर कडब्यात व्यायची, आणि ‘मांजर पिलांना सात घरं दाखवते’ असं आजी म्हणायची तशी पिलांना या घरातून त्या घरात हलवायची. पिलं तीन-तीन महिने आईच्या अंगाखाली असायची. आई आधी मेलेला, मग अर्धमेला उंदीर आणून त्यांच्यापुढे टाकायची. भावंडं एकमेकांच्या मानेला लोंबकळायची. पिलाला चावू नको म्हणून शिकवण्याची वेळ घरातल्या माणसावर यायचीच नाही, कारण ते काम आधीच झालेलं असायचं.

आजचं पिल्लू वेगळ्या वाटेने घरात येतं. कारखान्याच्या कँटीनमागे, लाकडी पॅलेटच्या थप्पीत, भंगाराच्या ढिगात एखादी मांजर व्यालेली असते. पॅलेट उचलायची वेळ येते, आई पळते, आणि महिन्याभराचं पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून कुणाच्या तरी खोलीवर येतं. ते आणणाऱ्या माणसाच्या मनात दयाच असते. पण दहा बाय दहाच्या त्या खोलीत त्याला आई नाही, भावंड नाही, पळायला जागा नाही, आणि घरातली माणसं आठ-दहा तास बाहेर आहेत. काही दिवस ते भेदरून कोपऱ्यात राहतं. खाणं पोटात गेलं, जीव रमला, की खेळू लागतं. खेळायला समोर असतात ते फक्त माणसाचे हात आणि पाय.

दुसरी पाळी रात्री साडेअकराच्या सुमाराला सुटते. माणूस खोलीवर येतो, बूट काढतो, पाय पसरून भिंतीला टेकतो. पिल्लू दिवसभर झोपलेलं असतं. मांजराची जात तशीही तिन्हीसांजेला आणि पहाटे जागी होणारी, आणि घरात कुणी नसेल तर माणूस परतण्याची वेळ हीच त्याची सांज होते. ते दाराआडून अंग जमिनीला चिकटवून पाहत असतं. बाहुल्या मोठ्या होऊन डोळे काळेभोर दिसतात, कान पुढे येतात, मागचा भाग डावी-उजवीकडे डुलतो. आणि झडप. पुढच्या दोन पायांनी घोट्याला मिठी, दात मोज्यात, मागच्या पायांच्या लाथा एकामागून एक. माणूस दचकून पाय ओढतो. पिलाच्या दृष्टीने शिकार पळू लागली, म्हणून ते आणखी घट्ट धरतं. माणसाला हसू येतं, तो हाताने त्याला उलटं पाडतो, पोटावर गुदगुल्या करतो, आणि हातावरचा खेळ सुरू होतो. महिनाभर हे गोड वाटतं. पिल्लू चार महिन्यांचं झालं, जबड्यात ताकद आली, की त्याच हातावर रक्ताचे थेंब दिसू लागतात.

‘मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो’ अशी दुसरी म्हण आपल्याकडे आहे, आणि तीही शब्दशः खरी आहे. दबा धरणं, झडप घालणं, मिठी मारणं, लाथा झाडणं, मानेचा चावा घेणं, हा सगळा शिकारीचा क्रम आहे आणि पिल्लू तो खेळातून पक्का करत असतं. तो क्रम आपल्याला बंद करता येत नाही आणि करूही नये. आपल्या हाती आहे ते एवढंच, की तो कशावर चालावा हे ठरवणं.

वयाचं गणित इथे समजून घेतलं पाहिजे. पिलाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात, ते एकूण २६. चौथ्या आठवड्यापासून ते भावंडांशी कुस्ती खेळू लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हा दंगा ऐन भरात असतो. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून पक्के ३० दात येऊ लागतात, ते सहा-सात महिन्यांपर्यंत पुरे होतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावतं. माणसाची सवय होण्याचा काळ मात्र याच्या फार आधी येऊन जातो. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या अभ्यासांतून दिसलं, की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिलांना माणसांनी रोज हाताळलं ती पुढे माणसाळलेली राहिली. म्हणजे पिलाला माणूसही लवकर भेटायला हवा आणि आईही लवकर सुटता कामा नये. ही दोन्ही कामं एकाच वेळी व्हायची तर पिल्लू आईजवळ असताना, तिच्या डोळ्यांदेखत, त्याला हात लावला पाहिजे. वाड्यात हे आपोआप घडत होतं.

आईपासून लवकर तोडण्याची किंमत काय, हेही मोजलं गेलं आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली पाच हजारांहून अधिक मांजरांची माहिती मालकांकडून घेऊन तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून दूर केलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला, आणि चौदा आठवड्यांनंतर वेगळी झालेली मांजरं सर्वांत शांत निघाली. आपल्याकडे पिल्लू ‘खायला लागलं’ की द्यायला तयार झालं, असं धरतात. खायला ते पाचव्या-सहाव्या आठवड्यातही लागतं, पण जबडा आवरायला तेवढ्यात शिकत नाही. कारखान्याच्या आवारात पिलं दिसली आणि आई येऊन-जाऊन असेल, तर जागा बदलायची घाई न करता तिला तिथेच पाणी आणि खाणं ठेवावं, असा आग्रह या पुस्तिकेने धरला आहे. एकटं दिसलेलं पिल्लू अनेकदा टाकून दिलेलं नसतं. आई सात घरांपैकी पुढचं घर शोधायला गेलेली असते. काही तास लांबून लक्ष ठेवलं तर ती परत येताना दिसते. पिल्लू रस्त्यावर असेल, भिजलेलं, थंड पडलेलं किंवा जखमी असेल, तर मात्र थांबू नये.

भावंडं नेमकं काय शिकवतात? एका पिलाने दुसऱ्याचा कान जरा जोरात चावला की दुसरं चिरकतं, लाथ मारतं आणि बाजूला जाऊन बसतं. खेळ संपला. चावणारं पिल्लू गोंधळून उभं राहतं, मग पुन्हा जवळ जातं, या वेळी जरा हलक्याने. दिवसातून असं कितीदा तरी होतं. शिक्षा अशी कुणी करत नाही, मारत नाही. जोर वाढला की खेळायला सोबती उरत नाही, एवढाच नियम, आणि तो दर वेळी, न चुकता लागू होतो. पिल्लू शिकतं ते या न चुकण्यामुळे.

घरातल्या माणसाने हेच करायचं आहे. पिलाने हात धरला की हात ओढू नये. हात जागच्या जागी सैल सोडावा, हवं तर किंचित त्याच्याच तोंडाच्या दिशेने न्यावा. शिकार कधी तोंडाकडे येत नाही, त्यामुळे त्याची पकड सुटते. सुटली की न बोलता, न रागावता उठावं आणि अर्धा-एक मिनिट दुसरीकडे तोंड करून उभं राहावं किंवा दाराबाहेर जावं. मग परत येऊन हातात काठी-दोरी घेऊन खेळावं. यामुळे पिलाला दोन गोष्टी कळतात: हात धरला की खेळ थांबतो, दोरी धरली की खेळ चालतो. ‘आई गं’ म्हणून मोठ्याने ओरडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. काही पिलं त्याने थबकतात, काही अधिकच चेकाळतात. आपलं पिल्लू कोणत्या जातीचं, ते दोन दिवसांत समजतं.

खेळणं विकत आणायची गरज नाही. हातभर लांब काठी, तिला सुतळी, सुतळीच्या टोकाला चिंध्यांचा बोळा. काठी लांब असण्याला महत्त्व आहे, कारण त्यामुळे दात आणि बोटं यांच्यात अंतर राहतं. बोळा पिलाच्या तोंडासमोर नाचवू नये. तो उंदरासारखा चालवावा: भिंतीच्या कडेने सरकवावा, पॅलेटच्या फळीमागे लपवावा, थांबवावा, एकदम पळवावा. पिल्लू दबा धरून बसलं तर त्याला वेळ द्यावा, कारण दबा धरणं हा त्याच्या खेळाचा मोठा भाग असतो. दर थोड्या वेळाने त्याला बोळा पकडू द्यावा, लाथा झाडू द्याव्यात. शेवटी गती कमी करत शिकार ‘मारू’ द्यावी आणि लगेच खायला घालावं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. तो पुरा झाला की पिल्लू स्वतःहून आडवं होतं. खाण्यात मांस, मासे, अंडं यांपैकी काही असावं. दूध-चपातीवर मांजराचं भागत नाही, टॉरिनसारखे घटक त्याला मांसातूनच मिळतात. खेळ संपला की सुतळी उचलून ठेवावी. पिलाने ती गिळली तर आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतं. संक्रांतीच्या दिवसांत मांजाचे तुकडे खोलीत पडू देऊ नयेत, ते याच कारणाने.

खेळाची वेळ पाळीप्रमाणे बांधावी. पहिल्या पाळीला जाणाऱ्याने सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं आणि संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या पाळीच्या माणसाने दुपारी निघताना आणि रात्री आल्याबरोबर, पाय पसरण्याआधी. काठी दाराशेजारी टांगलेली असेल तर दार उघडताना हात आपोआप तिच्याकडे जातो. थोडा वेळसुद्धा पुरतो. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात २०२१ साली झालेल्या अभ्यासात, मालकांनी रोज पाच-दहा मिनिटं शिकारीसारखा खेळ घेतलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार सरासरी २५ टक्क्यांनी कमी झाली. शिकारीची ओढ खेळातून भागवता येते, हे त्यातून स्पष्ट होतं.

मारण्याबद्दल या पुस्तिकेची भूमिका ठाम आहे. नाकावर टिचकी, पाठीत चापट, तोंडावर पाणी, मानगुटीला धरून हवेत उचलणं, अंधाऱ्या मोरीत कोंडणं, यांतलं काहीही करू नये. मारलेल्या पिलाला ‘चावू नको’ असा अर्थ कळत नाही, हात आला की दुखतं एवढंच कळतं. मग आजवर खेळात, आवरत आवरत चावणारं पिल्लू भीतीने चावू लागतं, आणि भीतीचा चावा पूर्ण जोराचा असतो. खेळणारं पिल्लू सहसा गप्प असतं, अंग सैल असतं. भ्यालेलं पिल्लू कान मागे पाडतं, फिस्कारतं, अंग फुगवतं, तिरकं होतं. अशा वेळी त्याच्याकडे हात नेणं धोक्याचं. पाठीवरून हात फिरवताना पिल्लू अचानक चावलं तर तो तिसरा प्रकार. शेपटीचं टोक आपटू लागतं, पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, त्याच वेळी हात थांबवायला हवा होता. आणि खेळकर, शांत पिल्लू एकाएकी चावरं झालं तर आधी दुखणं शोधावं. कानातली कीड, हिरडीची सूज, कुठे लागलेला मार यांची तपासणी पशुवैद्यकाकडे होते, अशा वेळी पिलाला शिकवून उपयोग नसतो.

घराचा नियम एकच असला पाहिजे, आणि सगळं इथेच अडतं. खोलीत तिघं राहतात. दोघं काठीने खेळतात, तिसरा रात्री हाताने कुस्ती करतो. किंवा घरात आजी, आई, बाप आणि शाळेत जाणारी पोरगी आहे, आणि बापाला पिलाशी हाताने झुंजायला आवडतं. त्याचे हात कामाने रापलेले, त्याला दात बोचत नाहीत. दुसऱ्या दिवशी आजी देवापुढे बसलेली असताना तिच्या पातळ कातडीवर तेच दात लागतात, आणि मार पिलाला बसतो. पिलाच्या हिशेबी त्याने कालच्यासारखाच खेळ केला. बापाचा हात चालतो आणि आजीचा चालत नाही, हा भेद त्याला करता येत नाही. म्हणून पुस्तिकेचा दुसरा भाग घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे. पोरांनाही तो समजेल अशा भाषेत लिहिला आहे, कारण पिलाशी सर्वांत जास्त वेळ तीच खेळतात आणि त्यांचे चेहरे पिलाच्या उंचीवर असतात.

चावा हा आरोग्याचाही प्रश्न आहे, आणि त्यात हयगय नको. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. जखम वरून बारीक दिसते आणि लगेच मिटते, पण पाश्चुरेलासारखे जिवाणू खोल गेलेले असतात. चोवीस तासांच्या आत हात सुजला, लाल झाला, ठणकू लागला तर डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. बोटाच्या सांध्याजवळ चावा असेल, किंवा चावलेल्या माणसाला मधुमेह असेल, तर सुजण्याची वाटही पाहू नये. पिसवा झालेल्या पिलाच्या ओरखड्यातून काखेत किंवा मानेत गाठी येऊन ताप येऊ शकतो.

सगळ्यांत मोठी भीती रेबीजची. भारतात तो बहुतेक वेळा कुत्र्यापासून होतो, पण मांजरापासूनही होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही. त्याआधी मात्र तो पूर्ण टाळता येतो. चावा किंवा ओरखडा लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. चुना, तिखट, हळद, तंबाखू, काहीही लावू नये. मग त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात किंवा शहरात घाटी रुग्णालयात जावं. रक्त न येता ओरखडा उठला तरी लशीचा विचार होतो. कातडी भेदून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोबुलिनही द्यावं लागतं. लस कातडीत दिली तर पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी घ्यायची असते. पाळी चुकेल म्हणून एकही डोस सोडू नये. पिल्लू कुठून आलं, त्याचं लसीकरण झालं आहे का, हे डॉक्टरांना खरं सांगावं. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. खोलीतल्या सगळ्यांची ती सुरक्षा आहे.

एक सूचना शेतात काम करणाऱ्यांसाठी. मका किंवा ऊस काढताना सापडलेलं प्रत्येक पिल्लू घरमांजराचं नसतं. महाराष्ट्रात वाघाटी नावाचं जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक मांजर राहतं, आणि जुन्नर भागात उसाच्या फडात तिची पिलं सापडण्याचे प्रसंग वारंवार येतात. अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर उभे पट्टे असलेलं ते पिल्लू पाहून कुणालाही ते घरचंच वाटतं. साधं रानमांजरही शिवारात असतंच. ही पिलं कितीही जीव लावला तरी चावणं सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्यांना ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पिल्लू होतं तिथेच ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. आई बहुतेक वेळा रात्री येऊन त्याला नेते.

राहिलेल्या भागांत खोली कशी लावावी ते आहे. शेंद्र्यात पुठ्ठ्याची खोकी आणि पॅलेटचं लाकूड यांना तोटा नाही, आणि पिलाला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या असतात. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात निवारागृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं मिळालं, ती लवकर स्थिरावली. एक खोकं जमिनीवर, एक उंचावर. पॅलेटच्या फळीला काथ्याची दोरी गुंडाळून उभी केली की नखं घासायला जागा झाली. नखांची टोकं महिन्यातून एक-दोनदा कापता येतात. नखं मुळापासून काढणं ही क्रूरता आहे. शक्य असेल तर एकाच वेतातली दोन पिलं एकत्र ठेवावीत. ती एकमेकांना जे शिकवतील ते आपल्याला जन्मभर शिकवता येणार नाही. पाचव्या महिन्याच्या आसपास नसबंदीबद्दल पशुवैद्यकाशी बोलावं, कारण मादी त्या वयात गाभण राहू शकते आणि बोके वयात आले की भांडखोर होतात.

हे सारं लिहिण्याची निकड ज्यातून निर्माण झाली ते स्पष्टच सांगतो. चावतं म्हणून पिल्लू पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात, हायवेच्या कडेला सोडून देण्याची रीत आपल्याकडे आहे. लोक त्याला ‘सोडून दिलं’ म्हणतात. खोलीत वाढलेल्या, शिकार न शिकलेल्या पिलाने मराठवाड्याच्या उन्हात किंवा जालना रस्त्याच्या वाहतुकीत दोन दिवस काढणं कठीण. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणं प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हाही आहे. आणि ज्या कारणासाठी ते टाकलं जातं तो दोष काही आठवड्यांच्या मेहनतीने ओसरणारा असतो. नियम सगळ्यांनी पाळला तर फरक लवकर दिसू लागतो, पक्के दात आल्यावर चावण्याची खुमखुमी उतरते, आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेक मांजरं निवांत होतात. मधे एखादा दिवस पिल्लू पुन्हा पहिल्यासारखं पायावर येईल. त्या दिवशीही नियम तोच ठेवावा.

वाचकाने पुस्तिका क्रमाने वाचलीच पाहिजे असं नाही. पिल्लू आजच चावलं असेल तर आधी जखमेचा भाग वाचून साबण-पाण्याकडे जावं. पिल्लू अजून घरी आणायचं असेल तर आईपासून तोडण्याच्या वयाचा भाग वाचून निर्णय पुढे ढकलावा. आणि पिल्लू घरात असेल, तर आज रात्री सगळे एकत्र बसतील तेव्हा एवढं ठरवावं: हाताने कुणी खेळणार नाही, मारणार कुणी नाही, आणि काठी दाराशी राहील.